रविवारची बैठक : माँटगोमेरीचा बस बहिष्कार

सभासदांनो, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता दसरा चौकात, शाहू स्मारक भवनाच्या दारात जमायचं आहे.

अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. तो ५ डिसेंबर १९५५ ला सुरू झाला, ३८१ दिवस चालला. बस सोडल्यावर लोक कामावर गेले कसे, एवढंच शोधून या. टॅक्सीवाले बसच्याच दरात, १० सेंटला नेत. पालिकेने ४५ सेंटच्या किमान भाड्यावर बोट ठेवलं. मग खासगी गाड्या धावल्या. त्यांचे विमे रद्द झाले. पुढचा तोडगा तुम्ही सांगा.

- प्रत्येकाला ५ मिनिटं. नुसतं ‘प्रेरणादायी’ म्हणून खाली बसू नये.
- माणगावच्या अस्पृश्य परिषदेवर (मार्च १९२०) बोलणाऱ्यांनी तारखा तपासून याव्यात.
- गल्लीतली एक तक्रार अर्जासह आणा. पोच घ्यायला दुसरी प्रत हवीच.