नकाशात समुद्र नुसता निळा का रंगवता?

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा आला की तुम्ही साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी छापता, तारीख, वेळ, उंची सगळं. चांगलंच करता, आमच्याकडे ती कापून फ्रिजवर लावलेली असते. पण मुंबईला पाच मीटरपर्यंत चढणारं पाणी गोव्यात त्याच्या निम्म्यातच का थांबतं, हे त्या यादीशेजारी कधीच येत नाही. आणि येणार कसं, तुमच्या नकाशात किनारा संपला की सरसकट एकच निळा रंग!

शाळेत भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ), खंडान्त उतार (त्याच्यापुढचा खोल जाणारा उतार) शिकवतात, उभा छेद काढायचा, नावं द्यायची, दोन मार्क, संपलं. पण ती आकृती कुठल्या समुद्राची हे काही पोराला कळत नाही. आपल्याच समोर आहे की ती. मुंबईपुढे हा भूखंडमंच जवळजवळ 300 किलोमीटर रुंद आहे, म्हणजे मुंबई ते कोल्हापूर सरळ रेषेत जेवढं तेवढं पश्चिमेला गेलात तरी पाणी शंभर-सव्वाशे मीटरच्या आसपासच, आणि मग उतार लागून तळ हजारो मीटर खाली जातो. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो, कोचीला जेमतेम 60 किलोमीटर. खोल समुद्रातली भरतीची लाट या रुंद उथळ भागावर आली की मंदावते आणि उंच होते, त्यात खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं, म्हणून भावनगरकडे तर पाणी दहा मीटरपर्यंत चढतं उतरतं.

आपल्या कोळ्यांची डोल याच ओढीवर चालते. खुंट रोवायचे, जाळं बांधायचं, भरती-ओहोटीचं पाणीच बोंबील आणि जवळा आत आणून टाकतं, उथळ पाणी आणि गाळाचा तळ नसता तर खुंट रोवणार कुठे? 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं ते किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटरवर, पण पाणी तिथे 75 मीटरच्या आसपास, म्हणून तर तळावर पाय टेकवून प्लॅटफॉर्म उभे राहिले.

वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता, म्हणजे या भूखंडमंचाचा बहुतेक भाग कोरडा, आपल्या नद्या त्याच्यावरून पुढे वाहत होत्या. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार, माथ्यावर वीस-बावीस मीटर पाणी आणि प्रवाळ. कोकणातल्याच किती जणांना ते नकाशावर दाखवता येईल शंका आहे. बेळगावच्या सीमेवर आपण पानंच्या पानं भरतो (भरायलाच हवीत), पण 2009 च्या मे महिन्यात भारताने 200 सागरी मैलांच्या पुढच्या समुद्रतळावर संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे हक्क सांगितला त्याची चर्चा कुठे ऐकू आली नाही.

मागणी साधी आहे. वादळाचा नकाशा छापाल तेव्हा त्यात 20, 50 आणि 200 मीटर खोलीच्या तीन बारीक रेषा टाका. 2021 च्या मे मध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून वर गुजरातला गेलं तेव्हा सगळ्यांनी वाऱ्याचा वेग सांगितला, पण वारा तोच असला तरी रुंद आणि उथळ भूखंडमंचावर पाणी जास्त चढतं, खोल पाणी किनाऱ्याला लागून असेल तर कमी, हे त्या रेषांवरून वाचकाला आपसूक दिसेल. डेटा शोधायला लांब जायला नको, डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे चार्ट आहेत, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तुमच्या आर्टिस्टला एक दिवसाचं काम. पुढच्या पावसाळ्याच्या भरतीच्या यादीसोबत तेवढं जमवा.

आपला एक जुना वाचक,
अलिबाग