उज्जीवन सभेनंतरचा चौथा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात नुकतीच एका ख्रिस्ती उज्जीवन सभेची बातमी छायाचित्रासह वाचली. मांडव भरलेला, वर उचललेले हात, आणि व्यासपीठावर माईक धरून साक्ष देणारा एक तरुण. इतर धर्मांच्या वाचकांसाठी सांगतो : उज्जीवन म्हणजे निजलेल्या विश्वासाला पुन्हा जाग येणं, आणि साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, उभं राहून सांगणं. या सभा बहुधा तीन दिवस चालतात. मला लिहायचं आहे ते चौथ्या दिवसाबद्दल. मांडव उतरतो, माणूस घरी येतो, आणि घरातली माणसं, शेजारी, भाऊबंद जसेच्या तसे समोर असतात, त्या दिवसाबद्दल.

त्या तरुणाच्या साक्षीवर मला शंका घ्यायची नाही. त्याच्या जागी मी दोनदा उभा राहिलो आहे. दोन्ही वेळा माझा आवाज भरून आला होता, आणि रडणं खरं होतं. पण त्याच काळात माझ्या धाकट्या भावाचे नव्वद हजार रुपये माझ्याकडे होते, आणि ते मी साक्षीत सांगितलं नव्हतं.

खानापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित भातशेती होती. वडील गेल्यावर, २०१० साली, त्यातला एक तुकडा विकला. थोरला म्हणून व्यवहार मीच केला. आलेली किंमत धाकट्याला १ लाख ८० हजारांनी कमी सांगितली. निम्मा वाटा त्याचा, म्हणजे त्याचे ९० हजार मी खाल्ले. त्या पैशांतून अनगोळच्या माझ्या घराचा स्लॅब पडला. दोन वर्षांनी जमीन घेणाऱ्याच्याच तोंडून त्याला खरा आकडा कळला. तो बेळगावला आला, दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "दादा, हे खरं आहे का?" मी खरं बोललो असतो तर त्याच दिवशी मिटलं असतं. मी त्याच्यावरच ओरडलो. माझ्यावर संशय घेतोस, तुला शिकवलं कुणी, असं बरंच बोललो. त्यानंतर अकरा वर्षं बोलणं नाही. मधल्या काळात आई वारली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बायबलमधलं तेविसावं स्तोत्र तोंडपाठ होतं. भात कांडताना म्हणायची. तिच्या दफनाच्या वेळी आम्ही दोघांनी खड्ड्याच्या दोन बाजूंनी माती टाकली आणि दोन वाटांनी परतलो.

या अकरा वर्षांत माझा एकही रविवार चुकला नाही. मंडळीच्या कमिटीवर होतो. सणाला वर्गणी पहिली माझी. कुणी विचारलं असतं, तर मी विश्वासात वाढतो आहे असंच सांगितलं असतं.

२०२३ च्या उपवासकाळातली गोष्ट. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून, चाळीस दिवस आम्ही तो पाळतो. त्यातल्या एका रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे वेदीपाशी जाऊन भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. पाळकसाहेबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला. डोंगरावरील प्रवचनात येशू म्हणतो, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. हे वचन मी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदाच कळलं, की इथे राग माझ्या मनातला नाही, भावाच्या मनातला आहे. मी त्याला मनातल्या मनात क्षमा केली आहे असं मी स्वतःला बजावत आलो होतो. पण क्षमा करायची पाळी त्याची होती, माझी नव्हती. रांग वेदीकडे निघाली. बायको उठली. मी बाकावर बसून राहिलो.

हेच डोंगरावरील प्रवचन वाचून नारायण वामन टिळकांचं मन धरलं गेलं होतं. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ते वाचत गेले, अडले, झगडले, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. बेळगावकरांना तर याहून जवळचं उदाहरण आहे. बाबा पदमनजी १८३१ साली याच बेळगावात जन्मले आणि १८५४ साली इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' त्यांनी १८५७ साली लिहिली. त्यांचाही विश्वास एका रात्रीत आला नाही. वाचन, शंका, वादविवाद यांत वर्षं गेली. आपल्या गावचा एवढा मोठा मराठी लेखक इथल्या तरुणांना नावानेही ठाऊक नसावा, याचं मला वाईट वाटतं. आमच्या मंडळ्यांनीच त्यांची आठवण आधी जागवायला हवी.

मला तर बाकावरून उठून खानापूरला पोहोचायला चार महिने लागले. मधल्या काळात मी देवाला दुसरं काही घे म्हणून विनवत होतो. जास्तीचे उपास केले. चर्चला दोन पंखे दिले. जुलैच्या पावसात शेवटी बसमध्ये बसलो. खिशात पाकीट, त्यात वीस हजार. मलप्रभा दुथडी भरून वाहत होती. भाऊ शेतात होता, रोप लावणी चालली होती. बांधावर मी उभा राहिलो, त्याने मान वर केली नाही. भावजयीने घरात नेऊन चहा दिला, आणि "भावजी, छत्री विसराल," एवढंच बोलली. पाकीट तिच्या हाती देऊन परतलो.

दुसऱ्या खेपेला तो बोलला. म्हणाला, "पैसे दे, ते माझेच आहेत. पण मला सांग, लोकांपुढे साक्ष देतोस तेव्हा माझं नाव घेतोस का कधी?"

संपादक महोदय, माझ्या साठ वर्षांच्या आयुष्यात याहून मोठं प्रवचन मी ऐकलेलं नाही. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांची परवानगी घेतली आणि मंडळीपुढे जमिनीचा आकडा, भावाला सांगितलेला आकडा, स्लॅब, सगळं सांगितलं. त्या साक्षीनंतर कुणी हालेलूया म्हटलं नाही. घरी बायको म्हणाली, "या स्लॅबखाली मीही झोपते. माझ्या भिशीचे पैसे यात घाल." लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार आहे. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा तो आपणहून म्हणतो, की कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करीन. माझा हिशेब त्याप्रमाणे ३ लाख ६० हजार होत होता, आणि हाती फंडाची तुटपुंजी पेन्शन. भावाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "चौपट नको. माझं तेवढं दे. आणि आईच्या कबरीवर फरशी घालायची राहिली आहे, ती मिळून घालू."

मी उद्यमबागेत फाउंड्रीत ३४ वर्षं मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारा, होतो. तिसऱ्या रेल्वे गेटाजवळून रोज सायकलने जायचो. मोल्डिंगची वाळू कशी असते ते या भागातल्या हजारो घरांना माहीत आहे. वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची भुकटी आणि बेताचं पाणी घालून ती मिक्सरमध्ये मळायची, पॅटर्नभोवती, म्हणजे वस्तूच्या नमुन्याभोवती, ठोकायची. मग तिच्यावर चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड ओततात. बॉक्स फोडला की वाळू काळीठिक्कर, भुसभुशीत. लोखंडाला लागून असलेला बेंटोनाइट जळून मरतो, त्याचा चिकटपणा जातो. पण ती वाळू कुणी टाकून देत नाही. चाळायची, थंड करायची, पुन्हा बेंटोनाइट, पुन्हा पाणी. मूठभर घेऊन दाबायची : बोटांचे ठसे उमटले आणि दोन तुकडे स्वच्छ मोडले की वाळू तयार. हे रोज करायचं. कालच्या मळणीवर आजचा साचा उभा राहत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल सांगतो, की बाहेरचा माणूस झिजत गेला तरी आतला दिवसेंदिवस नवा होतो. ते 'दिवसेंदिवस' मला बायबलआधी वाळूने शिकवलं होतं, फक्त माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्याच्या आतले वाळूचे गाभे करण्याच्या विभागात, बैलहोंगलकडचे एक कन्नड सहकारी होते. सीमाप्रश्नावरून गावात तणाव असला तरी आमचा डबा एकत्र असायचा. ते म्हणायचे, वाळूला कानडीत मरळु म्हणतात, आणि मरळु म्हणजे परत फिरणंही. त्या वेळी मी हसून सोडून दिलं. पुढे पाळकसाहेबांनी बायबल अभ्यासात सांगितलं, की जुन्या करारात पश्चात्तापासाठी जो इब्री शब्द येतो, 'शूब', त्याचा मूळ अर्थही माघारी फिरणं हाच. तेव्हा मला त्या सहकाऱ्यांची आठवण झाली. पश्चात्ताप म्हणजे रडणं असं मी धरून चाललो होतो. रडून मी दोनदा झालो होतो. फिरलो मात्र नव्हतो.

आता माझी मुद्द्याची विनंती, आमच्या सर्व मंडळ्यांना आणि सभा भरवणाऱ्या बंधूभगिनींना. सभा जरूर भरवा. पण मांडवाच्या खर्चाबरोबर चौथ्या दिवसाचाही विचार करा. इंग्लंडमधल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे जॉन वेस्ली उघड्या मैदानात हजारोंपुढे उपदेश करायचे, तरी माणसांना त्यांनी तिथेच सोडलं नाही. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये प्रार्थनागृहावरच्या कर्जासाठी सभासदांचे बारा-बारांचे गट केले आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने दर आठवड्याला जाऊन एकेक पेनी गोळा करायची असं ठरलं. पेनीसाठी घरी जाऊ लागल्यावर घरातली खरी परिस्थिती कळू लागली, आणि त्यातून आठवड्याला एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करणारे छोटे वर्ग उभे राहिले. मला कुणी सलग सहा आठवडे घरी बसून विचारलं असतं, "भाऊ कसा आहे तुमचा?" तर अकरा वर्षं गेली नसती.

अनगोळमध्ये आम्ही आठ-नऊ जण आता गुरुवारी संध्याकाळी एका घरी बसतो. एक अध्याय वाचतो, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, कारण दोन घरं कन्नड आहेत. गाणी फार होत नाहीत. प्रत्येकाला एकच प्रश्न असतो : गेल्या गुरुवारी जे करीन म्हणालात, ते झालं का? पुष्कळदा उत्तर नाही असंच येतं, आणि त्या नाहीसाठी आम्ही प्रार्थना करतो. एका बहिणीने सहा महिन्यांनी सासूला पहिला फोन केला. एक तरुण अजून वडिलांशी बोललेला नाही. त्याला घाई करत नाही.

भावाचे आणि माझे संबंध पूर्वीसारखे झाले असं मी म्हणणार नाही. तो बेळगावला आला तरी अजून माझ्या घरी जेवत नाही, चहा घेतो. पैशांचे दोन हप्ते द्यायचे राहिले आहेत. आईच्या कबरीवरची फरशी या पावसाळ्याआधी बसवायची ठरली आहे, शहाबादी. मापं घ्यायला येत्या शनिवारी सकाळच्या बसने मी खानापूरला जातो आहे. काल रात्री धाकट्याचा फोन आला होता, "येताना टेप घेऊन ये."

आपला नम्र,
एक निवृत्त मोल्डर
अनगोळ, बेळगाव