बस कुठंय ते कळलं, आता ती वेळेवर आणा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

बसला जीपीएस बसवलं, स्टॉपवर डिजिटल बोर्ड लावले, मोबाईलवर लाइव्ह लोकेशन दिसायला लागलं की झाली वाहतूक स्मार्ट, असं समजून उद्घाटन करायचं आणि मग पुढे कोणी बघायचं नाही, असंच होतं बहुतेक वेळा. प्रवाशाला त्याचा उपयोग होतो, नाही असं नाही, पण बस २० मिनिटं लेट आहे हे स्क्रीनवर वाचून ती लवकर येत नाही ना! तीच माहिती कंट्रोल रूममध्ये पण जाते, तिथे बसलेला माणूस तिचं काय करतो हा खरा प्रश्न आहे.

अर्धा तास बस नाही आणि मग एकदम दोन-तीन एकामागोमाग, हे कोणी पाहिलं नाही? आपण ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडतो, पण होतं असं की एक बस कुठेतरी जरा अडकते, तेवढ्यात पुढच्या स्टॉपवर गर्दी वाढते, चढ-उतारीला जास्त वेळ जातो, बस अजून मागे पडते आणि मागच्या बसला माणसंच कमी मिळतात म्हणून ती भराभर येऊन हिला गाठते. न्यूवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणित मांडलं होतं, म्हणजे गोष्ट नवीन नाही. उपायही साधा आहे, ज्या रूटवर दर पाच-दहा मिनिटांनी बस आहे तिथे वेळापत्रक जरा बाजूला ठेवून दोन बसमधलं अंतर सांभाळायचं, मागचीला एखाद मिनिट थांबवायचं, गरज पडली तर मधूनच एक जादा गाडी सोडायची. जीपीएस आता हे क्षणाक्षणाला दाखवतं, फक्त कंट्रोल रूममधल्या माणसाला तसा निर्णय घ्यायचा अधिकार पाहिजे.

सिग्नलचं पण तसंच. बस जवळ आली की हिरवा दिवा काही सेकंद लांबवायचा किंवा लाल थोडा आधी संपवायचा, आणि तेही फक्त लेट झालेल्या बससाठी, म्हणजे आडव्या रस्त्यावरच्यांचीही ओरड नाही. झुरिकमध्ये लोकांनी १९७३ ला मतदानात भुयारी रेल्वे नाकारली आणि मग शहराने ट्राम आणि बसला सिग्नलवर प्राधान्य द्यायचं धोरण धरलं, आज ते शहर त्यासाठीच ओळखलं जातं.

आता सेफ्टीकडे येतो, कारण ती यापासून वेगळी नाहीच मुळी. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये फेरीला ७० मिनिटं लागतात आणि कागदावर ५५ लिहिलीत, तर ड्रायव्हर काय करणार, जिथे रस्ता मोकळा दिसेल तिथे बस दामटवणार! खरा वेळ किती लागतो हे जीपीएसच्या रेकॉर्डमध्ये रोज साठतंय, ते बघून फेरीचा वेळ बदला की. ३० ऐवजी ५० च्या स्पीडला धडक बसली तर तिची ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट असते, रस्त्यावरच्या माणसासाठी हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात वर्षाला साधारण ११ लाख ९० हजार लोक रस्ते अपघातात जातात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त पायी चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवाले.

कॅमेरे लावून दंड करायला माझा विरोध नाही. पण कॅमेरा आला की ब्रेक आणि गेला की परत ॲक्सिलरेटर, हे सगळे करतात, म्हणून दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बरे. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नवीन कारमध्ये स्पीड लिमिट ओलांडली की ड्रायव्हरला इशारा देणारी सिस्टीम सक्तीची आहे. काही ठिकाणी तर यंत्र वगैरे काहीच नको, चौकातल्या सिग्नलची सेटिंग बदलून पायी चालणाऱ्यांना गाड्यांच्या तीन-चार सेकंद आधी हिरवा दिला की पुरे, वळणाऱ्या गाडीवाल्याला समोर माणूस दिसतो तरी.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की एखादी जागा धोकादायक ठरायला तिथे आधी माणसं मरावी लागतात, मगच ब्लॅक स्पॉट म्हणून फाइल हलते. बसमध्ये करकचून ब्रेक लागला की त्याची जागा आणि वेळ नोंदवता येते. शंभर बस एकाच वळणावर ब्रेक दाबत असतील तर दोष शंभर ड्रायव्हरांचा नाही, वळणाचा आहे (झाड दिसायला आडवं येत असेल, झेब्रा पुसला असेल, काहीही). फक्त एक अट, या नोंदींवरून ड्रायव्हरला मेमो देऊ नका, त्या ब्रेकने कोणीतरी वाचलंही असेल, आणि मेमो मिळायला लागले की मशीन "बंद पडायला" वेळ लागत नाही.

परिवहन सेवेने दर महिन्याला रूटनुसार दोनच गोष्टी जाहीर कराव्यात, दोन बसमधलं प्रत्यक्ष अंतर किती राहिलं आणि जास्त ब्रेक कुठे लागले. माहिती त्यांच्याकडे आहेच, नवीन टेंडर काढायची गरज नाही.

आपला,
एक बसप्रवासी