ग्रामसभा: कोरम भरतो, विश्वास भरत नाही

महोदय,

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत, असे डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. उद्देशिकेतही बंधुतेला लागूनच 'व्यक्तीची प्रतिष्ठा' येते. जिथे माझ्या शब्दाला किंमत आहे, तिथेच मी शेजाऱ्यावर विश्वास टाकतो.

याचा खरा कस ग्रामसभेत लागतो. १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार गणपूर्तीसाठी, म्हणजेच कोरमसाठी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! गोम इथेच आहे. पहिली सभा मुद्दाम गैरसोयीच्या वेळी ठेवायची, दुसरीत मूठभरांनी ठराव उरकायचे, सह्यांची वही मागाहून घरोघर फिरवायची. अशा सहीत माणूस नसतो, नुसते नाव असते.

म्हणून इतिवृत्त सभा उठण्यापूर्वीच लिहून मोठ्याने वाचावे, विरोधी मत त्या माणसाच्या नावासह नोंदवावे आणि मगच सह्या घ्याव्यात. ग्रामसभेआधीची महिला सभा कायद्यानेच बंधनकारक आहे. तिच्या शिफारशी पहिल्या विषयातच वाचल्या जाव्यात.

– एक वाचक, सातारा