मावशींचं तेल

पणजी

प्रिय मित्रा,

पत्राला उशीर झाला, शिव्या नंतर दे. तब्येत ठीक, गुडघा तेवढा कुरकुरतो.

मावशी इस्पितळात आहेत. 'पाळकसाहेब, तेल घेऊन या' हा निरोप त्यांचाच, म्हणजे प्रार्थना करून आजाऱ्याला लावायचं ते तेल, आणि तो ऐकून घरात रडारड! गोव्यात तेल म्हटलं की लोकांना मरणाच्या दारात लावतात ते शेवटचंच आठवतं. वास्तविक रोमन कॅथलिक चर्चच्या १९७२ च्या विधीतही ते आजाऱ्यासाठीच आहे, पण शेजारीणबाई मेणबत्ती घेऊन हजर.

तू म्हणशील, आपल्या पंथाचा मूळपुरुष मार्टिन ल्यूथर, त्याने तेल फेकून दिलं. अर्धंच खरं. बाप्तिस्म्याच्या विधीतून त्याने ते १५२६ मध्ये काढलं. आजाऱ्याच्या तेलाला १५२० मध्ये संस्कार मानायचं नाकारलं, पण तेल लावूच नका असं म्हटलं नाही. आपल्या पंथाच्या विश्वासकबुलीचं १५३१ चं 'समर्थन' हे पुस्तकही तेच सांगतं: पूर्वजांकडून आलेला विधी, देवाची आज्ञा नाही, म्हणून तारणाला आवश्यक नाही. बायबलातल्या ज्या याकोबाच्या पत्राला ल्यूथरने गवताचं, म्हणजे हलकं, म्हटलं, त्याच्याच पाचव्या अध्यायात आजाऱ्याला तेल लावायला सांगितलंय, आणि त्यावर आपण सेमिनरीत किती भांडलो! तू अजून हरलेलाच आहेस.

ऑलिव्ह तेलच नेईन. खोबरेल चोवीस अंशांखाली थिजतं, वॉर्डातल्या एसीत त्याचा गोळा होतो. छोट्या डबीत तेलात भिजवलेला कापूस ठेवायचा, म्हणजे सांडत नाही. आधी पापकबुली आणि क्षमेची घोषणा, मग बायबलातलं वचन, डोक्यावर हात, शेवटी अंगठ्याने कपाळावर क्रूस. अंगठा नुसता ओलसर हवा, नाहीतर ओघळ डोळ्यात जातो. मावशींना ऑक्सिजनचा मास्क आहे, त्याच्याजवळ तेल म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून नर्सला विचारून कपाळाऐवजी तळहातावर, तेही नखभर, आणि लगेच पुसून. मग प्रभूची प्रार्थना. उरलेला कापूस जाळायचा, घरच्यांच्या हाती द्यायचा नाही. दिला की देव्हाऱ्यात बसतो.

खरी काळजी पुढची. मावशी बऱ्या झाल्या तर 'तेलाचा गुण', नाही झाल्या तर 'पाळकाने तेल लावलं आणि गेल्या'. दोन्हीकडून क्षमेची घोषणा कोणाच्या लक्षात राहणार नाही. म्हणून तेल लावायच्या आधी, सगळ्यांसमोर, हा विधी औषधाला पर्याय नाही आणि शेवटचा निरोपही नाही असं मोठ्याने सांगणार आहे. तू असतास तर प्रवचनच ठोकलं असतंस. दोन वाक्यांत कसं बसवू ते कळव, रविवारच्या आत.

घराचं प्लास्टर झालं? वहिनींना नमस्कार, धाकट्याला म्हणावं गणित कर.

तुझाच