साखळी की दोर?

प्रिय सुधीर,

होडी घेतल्याचं कळवलंस आणि पाठोपाठ नांगराला साखळी लावू की दोर असं विचारलंस, फार बरं वाटलं. बहुतेक जण आधी रंग विचारतात.

साखळी जड, म्हणून ती होडी धरून ठेवते असं तू लिहितोस. हे निम्मंच खरं. होडी धरतो तळात रुतलेला नांगर, आणि तो रुतून राहतो ओढ आडवी, तळालगत असेल तरच. वारा बेताचा असतो तोवर साखळी तळावर पडून राहते आणि ओढ आडवी ठेवते. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मग साखळीचा झोल संपतो, ती ताठ होते आणि लाटेगणिक थेट नांगराला हिसका बसतो. नायलॉनचा दोर लांबतो आणि तो हिसका पोटात घेतो. म्हणून तर नुसती साखळी वापरणारेही वरच्या टोकाला नायलॉनचा तुकडा जोडतात.

तर मग सगळा दोरच का नको? मी एकदा तेच केलं होतं. तळ वाळूचा समजून निवांत झोपलो. सकाळी दोर ओढला तर नांगराजवळ तीन पेडांपैकी दोन कातरलेले! वाळूत एखादाच खडक असावा, पण होडी रात्रभर त्याच्याभोवती फिरत होती. त्या तिसऱ्या पेडाकडे मी किती वेळ बघत बसलो ते सांगत नाही.

तेव्हा तुझ्या सहा मीटरच्या होडीला माझं मत असं: नांगराजवळ होडीच्या लांबीइतकी साखळी, पुढे नायलॉन. ८ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते. तीस मीटर घेतलीस तर बेचाळीस किलो होडीच्या पुढच्या टोकावर, आणि लाटेत नाक खुपसणारी होडी तुला आवडणार नाही. शिवाय हाताने ओढायची आहे.

आणि दोर सोडताना कंजूषपणा नको. चूक इथेच होते. खोली मोजताना भरतीचं पाणी आणि पाण्यापासून होडीच्या टोकापर्यंतची उंचीही धर. आत्ता चार मीटर, भरतीचे दोन, उंचीचा एक, झाले सात. त्याच्या सातपट म्हणजे एकोणपन्नास मीटर सोड. नुसती साखळी असती तर चार-पाच पटीत भागतं. जागा अडचणीची असेल, शेजारी होड्या असतील, तर हा साखळीचा फायदा खरा, कारण होडी लहान वर्तुळात फिरते.

पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त दिसला तरी घेऊ नकोस. तो तरंगतो, पंख्यात अडकतो आणि उन्हात लवकर कुजतो. दोर साखळीला नुसत्या गाठीने बांधू नकोस, पेड कडीत गुंफून घे. शॅकलची, म्हणजे साखळी नांगराला जोडणाऱ्या उघडबंद कडीची, पिन तारेने आवळ, नाहीतर ती हळूहळू आपोआप उघडते. होडीकडचं टोकही आतल्या कडीला पक्कं बांध. हसू नकोस, ते न बांधता नांगर टाकणारा मी पाहिला आहे. सगळा दोर सळसळत गेला आणि तो हात हलवत उभा राहिला.

साखळी घेतलीस की कडीची जाडी कळव. माझ्याकडे दोन शॅकल जादा आहेत, बसत असतील तर घेऊन येतो.

तुझा,
विनय