पऱ्हाटीलाही काटा आणि भाव हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पिकांच्या अवशेषांपासून इंधन करण्याची बातमी आपल्या दैनिकात आली की मी ती कापून ठेवतो. मी राहतो माटुंग्यात आणि शेत आहे यवतमाळ जिल्ह्यात. ते धाकटा भाऊ कसतो. त्यामुळे या बातमीची दोन्ही टोके मला दिसतात.

मुंबईचे टोक अभिमान वाटावा असे आहे. १९२४ पासून कापसावर संशोधन करणारी सरकारी संस्था 'सिरकॉट' आमच्या माटुंग्यातच आहे. पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या कपाशीच्या वाळक्या झाडांपासून, बोर्ड आणि जळणासाठी दाबून केलेल्या विटा व गोळ्या (ब्रिकेट, पेलेट) कसे होतात हे तिने कधीच दाखवून दिले आहे. तिथून चालत जावे एवढ्या अंतरावर रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी 'आयसीटी' आहे, म्हणजे आपली जुनी यूडीसीटी. तिथे विकसित झालेल्या तंत्रावर २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला रोज १० टन काडीकचरा वापरणारा इथेनॉलचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइलने पानिपतला मोठा कारखाना सुरू केला, तोही पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे गणित आहे. टनाला दीडशे लिटर झाले. वाफेने काडी फोडायची, एन्झाइमने तिची साखर करायची, साखर आंबवायची आणि उरलेले लिग्निन, म्हणजे काडीतला साखर न होणारा कठीण भाग, बॉयलरला घालायचे. शास्त्र आपल्याला येते.

अडते ते दुसऱ्या टोकाला. वर्षाला २ लाख टन म्हणजे रोज साडेपाचशे टन पेंढा कारखान्याच्या दारात यायला हवा, आणि शेतातून तो निघतो वर्षातले जेमतेम काही आठवडे. पेंढा हलका, ट्रक वजनाआधी आकारानेच भरतो. अमेरिकेत आयोवामधला ड्यूपाँटचा कारखाना २०१७ मध्ये थांबला, रोमेनियातला क्लॅरियंटचा २०२३ मध्ये. या कंपन्यांना ना पैशाची वाण होती, ना शास्त्रज्ञांची. आपल्याकडे 'सतत' योजनेत २०१८ साली ५,००० बायोगॅस प्रकल्पांचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. आपण त्याच्या जवळपासही पोहोचलेलो नाही.

तीन वर्षांपूर्वी एका ब्रिकेट कारखान्याचा माणूस आमच्या गावात आला. टनामागे दर ठरवून गेला. भावाने मजूर लावून पऱ्हाटी उपटून घेतली, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गंजी घातली. ट्रॅक्टर आला तो सव्वा महिन्याने. वजन कुठल्या काट्यावर झाले ते आम्हाला कळलेच नाही. "माल ओला होता" म्हणून निम्मे पैसे कापले आणि उरलेले निम्मे आजतागायत आलेले नाहीत. मजुरी मात्र भावाने त्याच आठवड्यात चुकती केली होती. पुढच्या जानेवारीत मी गावी गेलो तेव्हा संध्याकाळी सगळे शिवार धुरात होते. त्यात आमचेही वावर होते. मी रागावलो, तर भाऊ म्हणाला, "दादा, पेटवाले एक काडी लागते. वाहून न्याले चार मानसं लागतात." मला उत्तर देता आले नाही.

शिवाय पऱ्हाटीची गंजी शेतात पडून राहणे धोक्याचेच. गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर येते. म्हणून उचल वेळेवर झाली नाही तर शेतकरी काडी लावणार, त्याला दोष देऊन काय उपयोग? राज्यात सुमारे ४० लाख हेक्टरवर कापूस असतो. हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरली तरी ८० लाख टन होते, आणि तिचा मोठा भाग असाच जातो.

उपाय महाराष्ट्राला नवा नाही. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे देण्याचा कायदा आहे, तोडणी-वाहतुकीची व्यवस्था कारखाना करतो. काटामारीच्या तक्रारी असतात हे खरे, पण निदान तक्रार करायला काटा आणि पावती तरी असते! पऱ्हाटीला यातले काहीच नाही. माझी शासनाला कळकळीची विनंती आहे की, शेतमालाच्या अवशेषांवरील कोणत्याही मोठ्या प्रकल्पाला जमीन, कर्ज, अनुदान देण्याआधी त्याच्याकडून बांधावरचा किमान दर लेखी घ्यावा. पैसे चौदा दिवसांत खात्यावर जमा व्हावेत. पऱ्हाटी शेतातच बारीक करणारे यंत्र आणि वजनकाटा गावच्या सोसायटीकडे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीकडे असावा, म्हणजे वाहतूक स्वस्त पडेल आणि अळीही मरेल. मात्र सोयाबीन-तुरीच्या कुटाराला हात लावू नये, तो जनावरांचा चारा आहे. काही पालापाचोळा जमिनीलाही राहू द्यावा, आमच्या मातीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे.

सिरकॉट आणि आयसीटीतल्या संशोधकांनी या मागणीच्या पाठीशी उभे राहावे असे फार वाटते. त्यांची मेहनत धुऱ्यावर येऊन अडली आहे. यंदा शेवटची वेचणी झाली की भाऊ फोन करून विचारील, ठेवू की पेटवू? ठेव म्हणायला माझ्या हाती अजून एकही पावती नाही.

– एक वाचक, माटुंगा (पूर्व), मुंबई